माझ्या हातची हवा

हॉटन गावातलं, पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या भरून देणारं दुकान एप्रिलच्या शेवटी बंद झालं. मालकाचे गुडघे गेले होते आणि तो मुलाकडे ॲरिझोनाच्या उन्हात राहायला निघाला. आमच्याकडे तेव्हा रस्त्याकडेचा बर्फ अजून कमरेइतका होता, त्यामुळे कुणाला त्याचा राग आला नाही, हेवाच वाटला. पंचाईत झाली ती कारिनची. आता टाकी भरायची तर मार्क्वेटशिवाय जागा उरली नव्हती, आणि आमच्या कॉपर हार्बरहून मार्क्वेट म्हणजे जायला पावणेतीन तास, यायला पावणेतीन.

कारिन माझी मुलगी. वय एकतीस. उन्हाळ्याचे चार महिने ती सुपीरियर सरोवरात बुडालेली जुनी जहाजं मोजते. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जाते, फळ्यांना फीत लावते, फोटो काढते, आणि सगळं कागदावर उतरवून इथल्या इतिहास मंडळाला देते. तिच्या जोडीला रसेल डेनोमी असतो. रसेल बरागा गावचा, इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांपैकी, मासेमारांच्या घरातला. बोट त्याची. बोलणं कमी आणि गाठ पक्की, असा माणूस.

मी स्वतः पाण्यात उतरत नाही. लहानपणी माझा एक कान गेला. अठ्ठावीस वर्षं मी एका इस्पितळाच्या तळघरात यंत्रांवर काम केलं. भिंतीतल्या नळ्यांतून रुग्णाच्या उशाशी जी हवा आणि जो प्राणवायू पोचतो तो शुद्ध आहे ना, आणि अखंड पोचतोय ना, हे बघणं माझं काम. वरच्या मजल्यावर कुणाला माझं नाव ठाऊक नव्हतं. सिल्वी नीमेला हे नाव कुणाच्या तोंडी आलं नाही म्हणजे सगळं सुरळीत आहे, असं मी धरून चालत असे.

घरीच कंप्रेसर बसवायचा विचार कारिनने पहिल्यांदा बोलून दाखवला तेव्हा मी नाही म्हटलं. तिचं खाली जाणं मला कधीच आवडलं नाही. ते तिला ठाऊक आहे, आणि आम्ही त्यावर बोलत नाही. दुसऱ्या दिवशी कॉफी घेताना मीच विषय काढला.

"तू जाणारच असशील तर हवा तरी माझ्या हातची असू दे."

"डबा बांधून देत असल्यासारखं बोलतेयस आई," ती म्हणाली. पण तिने लगेच साप्ताहिक उघडून एक जाहिरात माझ्यापुढे सरकवली. दोन ओळींची होती. टाक्या भरण्याचा कंप्रेसर, जुना, चालू स्थितीत. खाली स्कॅनी गावचा एक फोन नंबर.

कारिन, रसेल आणि मी तिकडे गेलो. विकणारा आर्मस पेल्टो चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. आयुष्यभर तो धक्क्यांचे खांब दुरुस्त करायला पाण्याखाली जायचा. कंप्रेसर त्याच्या गोठ्यात, ताडपत्रीखाली होता. अकरा वर्षांत त्यावर एकही टाकी भरलेली नव्हती, असं तो म्हणाला, पण मी तेलाची कांडी ओढून पाहिली तर तेल मधासारखं स्वच्छ. वर्षातून एकदा बदलतो, म्हणाला. का, ते मी विचारलं नाही. यंत्राशी नीट वागणाऱ्या माणसाला कारण विचारू नये असं मला वाटतं.

त्याने मात्र एक विचारलं. "खाली कोण जाणार?"

मी कारिनकडे बोट दाखवलं. त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग रसेलला म्हणाला, उचल तिकडून.

मे महिना मी तो बसवण्यात घालवला. घरामागे, सरोवराच्या बाजूला आमची बोटीची शेड आहे. तिची फरशी सपाट करून घेतली, वीजवाल्याकडून स्वतंत्र तार ओढून घेतली, यंत्राच्या पायांखाली रबराच्या जाड चकत्या घातल्या. हवा आत घेणारी नळी हा खरा जिवाचा भाग. कंप्रेसर जे हुंगतो तेच दोनशे पटींनी दाबून टाकीत भरतो. शेजारून गाडी गेली, सौनाचा, म्हणजे वाफेच्या न्हाणीचा, धूर आला, कुणी गवत कापायचं यंत्र लावलं, की त्यातला विषारी वायू सरळ माझ्या मुलीच्या छातीत. म्हणून मी ती नळी सरोवराकडच्या भिंतीवरून दहा फूट वर नेली, तिला खाली वळलेलं तोंड केलं आणि काळ्या माशा जाऊ नयेत म्हणून त्यावर पांढरी जाळी बांधली. गाळणीचा डबा नवा घातला. दाब वाढला तर सुटणारी झडप तपासली. पट्टा इतका ताणला की अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच जाईल, जास्त नाही. भिंतीवर विषारी वायू आला की वाजणारा भोंगा लावला, आणि त्याच्या शेजारी खिळ्याला माझी नोंदवही.

पहिली टाकी भरली ती जूनच्या पहिल्या रविवारी. तीन हजार पौंड दाबापर्यंत, सावकाश, दर दहा मिनिटांनी खालचे नळ उघडून साठलेलं पाणी काढत. हवेत जो ओलावा असतो तो दाबला की पाणी होऊन खाली जमतो. तो काढला नाही तर गाळणी भिजते आणि टाकी आतून गंजते. हे पाणी दुधी असतं, तेलाचा वास मारतं. मी ते बाटलीत मोजून घेत असे. रसेलला त्याचं हसू यायचं.

कारिनने तोंडात नळी धरून एक मोठा श्वास घेतला. आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे.

"मीठ बरोबर पडलंय," ती म्हणाली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. कंप्रेसरवर एक छोटं मीटर असतं. यंत्र एकूण किती तास चाललं ते त्यावर दिसतं, म्हणजे तेल आणि गाळणी कधी बदलायची ते कळतं. शेवटचा आकडा तासाच्या दहाव्या भागाचा, म्हणजे सहा मिनिटांचा. रविवारी काम संपवून मी वहीत ११९१.२ लिहिलं. मंगळवारी सकाळी तेल बघायला गेले तर मीटरवर ११९१.३ होतं.

लिहिताना चूक झाली असेल, असं मी समजले. आकडा खोडून नवा लिहिला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. या वेळी माझी चूक नव्हती, कारण मी आकडा दोनदा वाचला होता. कारिनला विचारलं, रसेलला विचारलं. दोघांनी हात लावला नव्हता. मी खालचा नळ उघडला. तो मी स्वतः रिकामा करून बंद केला होता. त्यातून चमचाभर पाणी आलं.

ते पाणी दुधी नव्हतं. स्वच्छ होतं, आणि त्याला कसलाच वास नव्हता.

यंत्राने हवा दाबल्याशिवाय त्या नळात पाणी येत नाही. म्हणजे यंत्र सहा मिनिटं चाललं होतं. दाबलेली हवा कुठेतरी जायला हवी. मी ओळीने उभ्या केलेल्या सगळ्या टाक्यांचा दाब पाहिला. एकीचाही काटा हलला नव्हता.

मी घाबरले नाही. तळघरात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस आधी तारा बघतो. मीटर बदलून नवं लावलं, आणि त्यावर जुनाच आकडा आणून ठेवला. बटण बंद करून मुख्य खटकाही पाडला आणि त्या पेटीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या ॲप्रनमध्ये. चार दिवसांनी नव्या मीटरवर सहा मिनिटं वाढली होती. नळात चमचाभर पाणी.

मग मी पट्टाच उतरवला. पट्ट्याशिवाय मोटर फिरली तरी यंत्र फिरू शकत नाही. पट्टा घरात आणला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पाठीवर टांगला. तो तिथे असताना चौथी सहा मिनिटं वाढली.

तेव्हा मात्र मी आर्मसला फोन केला. मीटर असं काही करायचं का तुमच्याकडे, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.  

"किती झाली?" त्याने विचारलं.

"चोवीस मिनिटं."

 तो हळू म्हणाला, "पट्टा उतरवला असशील तर परत चढव. तेल वेळेवर बदल. बाकी त्याच्या वाटेला जाऊ नकोस."

"पण हे आहे काय?"

"यंत्र चांगलं आहे पोरी," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. एकोणसाठ वर्षांच्या मला तो पोरी म्हणाला, याचाच मला पहिल्यांदा राग आला.

कारिनला मी अर्धंच सांगितलं, की मीटर बिघडलंय. हवेत खोट असती तर मी तिला थांबवलं असतं, पण हवेत खोट नव्हती. प्रत्येक टाकी मी उपकरण लावून तपासत होते आणि प्रत्येक वेळी ती स्वच्छ निघत होती. जुलैअखेर सहा मिनिटांचे सात तुकडे झाले. बेचाळीस मिनिटं. मी ती वहीत वेगळ्या पानावर लिहीत गेले, तारखेसह, पुढे कारण लिहायला जागा मोकळी सोडून.

सातव्यानंतर ते थांबलं. ऑगस्ट लागला, आठवडा उलटला, आणि मीटरवर आम्ही जितकं यंत्र चालवू तितकंच दिसू लागलं. कुठेतरी काही सैल होतं ते आपोआप बसलं असणार, असं मी मनाशी म्हटलं. त्या शनिवारी सौनात मी कित्येक दिवसांनी स्वस्थ बसले.

नऊ ऑगस्टला दोघं सकाळीच निघाले. कीविनॉ द्वीपकल्पाच्या टोकापाशी एक लाकडी मालवाहू जहाज साठ फुटांवर पडलं आहे. त्याच्या पोटातली जुनी लोखंडी शेगडी कारिनला मोजायची होती. पाणी आरशासारखं होतं. मी दोघांना मांस-बटाटे भरलेल्या पास्ट्या बांधून दिल्या, टाक्या चढवायला हात लावला. पिवळी टाकी कारिनची. आदल्या दुपारी मी भरलेली.

साडेदहाच्या सुमारास मी तेल बदलायला शेडमध्ये गेले. तारेचं टोक भिंतीतून काढून ठेवलं, तेल काढायचं खालचं बूच उघडलं, आणि जुनं तेल ताटलीत ठिबकायला लागलं. फळीवर रेडिओ चालू होता. बोटी बाहेर असल्या की तो चालूच असतो. बाहेर सरोवरावरून धुकं आलं होतं. ऑगस्टमध्ये असं धुकं येतं, पाच मिनिटांत सगळं पांढरं करून टाकतं.

काम करता करता मला एक आवाज येत होता. बाहेरून, भिंतीच्या वरच्या बाजूने. मऊ, थांबून थांबून येणारा. शेजाऱ्यांचं जाळीचं दार वाऱ्याने हलतंय, असं वाटलं. वारा नव्हता हे माझ्या लक्षात आलं नाही.

अकरा वाजून चौदा मिनिटांनी रेडिओवर रसेलचा आवाज आला. तो तटरक्षक दलाला हाक मारत होता. दम लागलेला, पण शब्द नीट. जहाजातली एक तुळई सरकली आहे. कारिनचा पाय खाली सापडला आहे. त्याने उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्याची स्वतःची हवा संपत आली म्हणून सुटी टाकी आणि पहार आणायला तो वर आला. पण नांगर घसरून बोट दूर गेली होती आणि धुक्यात ती शोधून पोहत गाठण्यात वेळ गेला. आता तो परत निघाला आहे.

तटरक्षक दलाच्या बाईने विचारलं, खाली तिच्याकडे हवा किती होती.

"मी निघालो तेव्हा दोन मिनिटांची."

"आणि निघून किती वेळ झाला?"



"चोवीस मिनिटं," रसेल म्हणाला.

मी हिशेब केला. करायचा नव्हता, पण माझं डोकं दुसरं काही करतच नाही. चोवीसातून दोन गेले, बावीस.

ताटलीत तेल ठिबकायचं थांबलं होतं. शेडमध्ये काही हलत नव्हतं. आणि तो बाहेरचा आवाज अजून येत होता.

मी बाहेर गेले.

फायरवीडची फुलं तेव्हा बी धरतात. त्यांचा कापूस हवेत तरंगत असतो. हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडावर, पांढऱ्या जाळीला, त्या कापसाचा एक पुंजका होता. तो जाळीला घट्ट चिकटला. मग सैल होऊन लोंबला. मग पुन्हा चिकटला.

कंप्रेसरमध्ये तेल नव्हतं. त्याची तार माझ्या पायाशी पडली होती.

मी शिडी लावली आणि वर चढले. तळहात जाळीजवळ नेला. आत ओढ होती. थोडा वेळ ओढ, मग काही नाही. मग पुन्हा ओढ.

मनगटावरच्या घड्याळात बघून मी मोजलं. मिनिटाला सोळा.

इस्पितळात वरच्या मजल्यावरच्या नर्सेस हाच आकडा दिवसातून शंभरदा लिहायच्या. निरोगी, विसावलेला माणूस मिनिटाला सोळा श्वास घेतो.

मी शिडीवरून उतरले नाही. हात लावला नाही. मोठ्याने श्वाससुद्धा घेतला नाही. एक गांधीलमाशी जाळीकडे आली, तिला टोपीने हाकललं.

रेडिओवरच्या हाकेपासून किती वेळ, ते घड्याळ सांगतं. वीस मिनिटं.

त्या वेळात मी कुणाची प्रार्थना केली नाही. मी फक्त मोजत होते. चिकटला की एक. चिकटला की एक. चुकेन अशी भीती वाटत होती, जणू माझ्या चुकण्याने काही थांबणार होतं.

अकरा चौतीसला कापूस सैल पडला.

मी वाट पाहिली.

तो पुन्हा हलला नाही.

पुढची अकरा मिनिटं मी सांगणार नाही. मी शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसले होते एवढंच मला आठवतं. मग आतून रसेलचा आवाज आला. त्याने आधी तटरक्षक दलाचं नाव घेतलं नाही, बोटीचं नाव सांगितलं नाही. नियमाप्रमाणे काहीच केलं नाही.

"सिल्वी," तो म्हणाला, "ऐकतेयस का? वर आणली. बोलतेय ती. पास्टी मागतेय."

कारिन दोन दिवस इस्पितळात होती. नडगीला चीर, अंगात थंडी भरलेली, बाकी धड. कमी बोलायची, खूप झोपायची. रसेलने मला पार्किंगमध्ये उभं राहून सगळं सांगितलं. धुक्यात त्याला जहाजावर खुणेसाठी तरंगत ठेवलेला बोया सापडत नव्हता. तो बोट हळूहळू फिरवत होता, आणि त्याला पाण्यावर बुडबुडे दिसले. एक झुबका, थांबून दुसरा झुबका. त्याने तिथेच उडी टाकली. खाली पोचला तेव्हा तिच्या दाबाचा काटा शून्यावर टेकलेला होता. त्याने काचेवर टिचकी मारून पाहिलं. शून्यच. आणि ती श्वास घेत होती. त्याने नव्या टाकीची नळी तिच्या तोंडात दिली तेव्हा त्याच्या घड्याळात तिला सोडून चव्वेचाळीस मिनिटं झाली होती.

दोन मिनिटं तिच्या टाकीतली. उरली बेचाळीस.

ते मी त्याला सांगितलं नाही. यंत्राचं मिनिट आणि माणसाचं मिनिट एक नसतं, हे मला कळतं. पण घरी येऊन मी कागदावर मांडलं. थंड पाण्यात अडकलेला, घाबरलेला माणूस साठ फुटांवर जितक्या झपाट्याने हवा संपवतो, साधारण तितक्याच वेगाने माझा छोटा कंप्रेसर ती भरतो. वहीतलं ते वेगळं पान मी उघडलं. कारणासाठी सोडलेली जागा मोकळीच ठेवली.

आठवड्याने मी निसू, म्हणजे वेणीसारखा वळलेला गोड पाव, भाजला, वेलदोडा जरा सढळ घातला, आणि ती वेणी फडक्यात गुंडाळून एकटीच स्कॅनीला गेले. आर्मसने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही विचारायच्या आधी खुर्चीत बसला. 

"आली ना वर?" त्याने विचारलं.

"आली."

त्याने डोळे पुसले, कॉफी ओतली, पावाचा जाड तुकडा कापून घेतला. मग सांगितलं. त्याच्याकडे ते एकदाच घडलं होतं. त्र्याऐंशी साली अठरा मिनिटं जमली, आणि त्या नोव्हेंबरात ती खर्ची पडली. धक्क्याखाली, खांबांच्या जंजाळात तो अडकला तेव्हा. बायकोलासुद्धा त्याने ते कधी सांगितलं नाही.

मी विचारलं, ते कोण आहे.

"मी नाही विचारलं," तो म्हणाला. "विचारलं आणि थांबलं तर?"

पाण्यात जायचं सोडल्यावर अकरा वर्षं यंत्र गप्प होतं, असं तो म्हणाला. तेल बदलायचा तो केवळ आदर म्हणून. आणि या वर्षी एप्रिलमध्ये, एका सकाळी, खालच्या नळातून थेंबभर स्वच्छ पाणी आलं.

"मी चौऱ्याऐंशीचा. अंघोळीच्या टबातसुद्धा उतरत नाही," आर्मस म्हणाला. "म्हणजे ही हवा माझ्यासाठी नव्हती. कुणासाठी, ते मला कसं कळणार? म्हणून पेपरात जाहिरात दिली."

अपघात झाला की शेरीफचे लोक डायव्हरचं सामान ताब्यात घेतात आणि तपासायला पाठवतात. रीत आहे ती. ऑक्टोबरात पिवळी टाकी परत आली, सोबत दोन पानांचा अहवाल. टाकीच्या तळाशी थोडी हवा उरली होती, तिचा नमुना घेतला होता. प्राणवायू सोळा टक्के. कार्बन डायऑक्साइड चार टक्के. ओलावा पूर्ण. खाली कुणीतरी पेनने लिहिलं होतं की नमुना घेताना चूक झालेली दिसते, कारण कुठल्याही कंप्रेसरची हवा अशी नसते.

ते खरं आहे. कंप्रेसरची हवा कोरडी असते, आणि तिच्यात प्राणवायू एकवीस टक्के असतो. सोळा आणि चार हे आकडे मला वेगळ्या कारणाने पाठ आहेत. इस्पितळात दर वर्षी आम्हा सगळ्यांना, तळघरातल्यांनासुद्धा, श्वास थांबलेल्या माणसाला तोंडाने श्वास द्यायला शिकवायचे. शिकवणारी बाई दर वर्षी सांगायची, तुम्ही सोडलेल्या श्वासात अजून सोळा टक्के प्राणवायू असतो, तेवढा दुसऱ्याला पुरतो. साठ फुटांवरही तो पुरला असता, पण चार टक्के कार्बन डायऑक्साइड तिथल्या दाबाखाली विष होतो. त्या खोलीवर अशा हवेने माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. माझी मुलगी बेचाळीस मिनिटं शुद्धीवर होती.

मी अहवाल ड्रॉवरमध्ये ठेवला आणि हिवाळाभर त्यावर बोलले नाही. कारिनने वसंतात पोहणं सुरू केलं, आधी हॉटनच्या तलावात, मग मे महिन्यात किनाऱ्याजवळ. जूनमध्ये ती म्हणाली, शेगडी अजून मोजायची राहिली आहे. मी नाही म्हटलं नाही. गाळणी बदलली, पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, पिवळी टाकी तीन हजारांपर्यंत सावकाश भरली.

निघायच्या सकाळी ती गाडीमागे वाकून सामान लावत होती. रसेल दोर गुंडाळत होता. मी टाकी तिच्या हातात दिली आणि पहिल्यांदा विचारलं, त्या दिवशी हवा कशी होती.

तिने टाकी फडक्यात नीट बसवली.

"उबदार," ती म्हणाली. "टाकीची हवा थंड असते, घसा सोलते. ही उबदार होती. आणि मध्ये मध्ये थांबायची, आई. मी ओढायचे आणि यायचीच नाही. आधी भीती वाटली. मग लक्षात आलं, घाई करायची नाही."

तिने गाडीचं मागचं दार लावलं.

"त्यालाही मध्ये श्वास घ्यावा लागत असेल ना."